आबांचं घड्याळ आणि धुळ्याची वहिनी

आमच्या गल्लीतल्या लहान पोरांना घड्याळ शिकवायचं काम माझं होतं. मला ते कुणी दिलेलं नव्हतं, मीच घेतलं होतं. पण एकदा घेतलं म्हणजे माझं, असा माझा तेव्हाही न्याय होता आणि आजही आहे. जामनेरहून बोदवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. कापूस फुटला की गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका भाकरी बांधून सकाळीच वेचणीला जायच्या. मागे राहायची ती चार-पाच वर्षांची पोरं, आणि त्यांच्या कडेवर त्यांच्याहून धाकटी. सकाळभर ती धुळीत रमायची. दुपार कलली की मात्र एकेक करून आमच्या ओट्यावर येऊन बसायची, कारण गल्लीत भिंतीवरचं घड्याळ होतं ते फक्त आमच्या घरात. "निमाताई, माय कव्हा येईन?" हा एकच प्रश्न. सहाला, म्हणून सांगितलं की जरा वेळाने पुन्हा, "वाजले का सहा?" शेवटी वैतागून मी एकेकाला खांद्याला धरून घड्याळासमोर उभं केलं आणि म्हटलं, घ्या, तुमचं तुम्हीच बघा. माझी शिकवणी सुरू झाली ती अशी, वैतागातून. माया वगैरे नंतर आली.

शिकवायची माझी एक रीत होती. लहान काटा म्हणजे ओसरीवरचा म्हातारा सासरा आणि मोठा काटा म्हणजे त्याची सून. सून साऱ्या घराला एक फेरी मारून येते तेव्हा कुठे म्हातारा एक घर सरकतो. पोरांना हे लगेच पटायचं, कारण घरोघरी तेच चाललेलं होतं. अडायचं ते दीड आणि अडीचपाशी. साडेतीन, साडेचार असतं, तर मग साडेएक आणि साडेदोन का नसतं? "नसतं म्हटलं ना, गपचूप पाठ कर," असं म्हणून मी डोळे वटारायची, आणि पोरं बिचारी पाठ करायची.

खरी भानगड वेगळीच होती. आबा, म्हणजे माझे वडील, जामनेरच्या मार्केटात मापाडी होते. सकाळची एसटी त्यांना गाठावी लागायची. एकदा ती चुकली, तेव्हापासून त्यांनी घरचं घड्याळ पाव तास पुढे ठेवलं ते कायमचं. चावी द्यायचे आबा, घड्याळ पुढे ठेवायचे आबा, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घरात आम्हाला सवयच झाली होती. घड्याळात बघायचं, पाव तास मनातल्या मनात वजा करायचा आणि मग बोलायचं. पाहुण्यांची मात्र फजिती व्हायची. एका मामांनी तर आमच्या घड्याळाच्या भरवशावर धावतपळत स्टॅण्ड गाठलं आणि तिथे रिकाम्या बाकावर बसून आबांच्या नावाने खडे फोडले.

पोरांना हे मी आधी सांगितलं नव्हतं. समोरच्या घरातली बेबी, चारेक वर्षांची, कडेवर भाऊ, नाकाला शेंबूड, पण डोकं असं चलाख की विचारू नका. एकदा लहान काटा सहावर टेकला आणि ती उठून वेशीपर्यंत गेली. रस्ता मोकळा. आई दिसेना म्हणून तिथेच फतकल मारून तिने जो गळा काढला, तो ऐकून मीच धावत गेले. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना बसवलं आणि नवीन नियम घातला. मोठा काटा असेल तिथून बोटाने तीन घरं मागे यायचं, आणि मग वेळ सांगायची. पोरं ते शिकली, आणि कशी शिकली! केळं खायच्या आधी साल काढतात, तितक्या सहज त्यांचं बोट हवेत तीन घरं मागे जायचं. घड्याळ बघणं म्हणजे हेच, असं त्यांच्या डोक्यात बसलं. माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं. पोरांना त्यांची माय वेळेवर घरी येताना दिसली की झालं.

वेचणीहून परतताना बायका ओट्यापाशी थांबायच्या. "काय व निमा, आमची पोट्टी मले टाइम सांगू राह्यली!" म्हणायच्या, आणि ओटीतली बोरं, हरभऱ्याच्या दिवसांत डहाळ्या, माझ्यापुढे टाकायच्या. तेव्हा मी दहावी होऊन घरात बसलेली. पुढे शिकवायची आबांची तयारी नव्हती. पण त्या ओट्यावर मी ताई होते. साठी उलटलेली बाई हे लिहिते आहे, आणि अजूनही मला ठाम वाटतं की तेवढं मानाचं पद मला नंतर कधी मिळालं नाही. आमचे हे वाचून म्हणतील, "आणि माझी बायको झालीस ते?" तर तेही त्यात धरून सांगते आहे.

भाऊचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. तो जळगावला एका वर्कशॉपात होता आणि शनिवारी घरी यायचा. वहिनी धुळ्याची. बारावी झालेली, आणि धुळ्याला बालवाडीचा कसलासा वर्गही केलेला. दिसायला साधीच होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पण घरात पाऊल टाकल्यापासून ती सगळ्यांना आवडायला लागली, आणि तेही काही विशेष न करता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो त्यामुळेच. तिची बोली आमच्याहून वेगळी, धुळ्याकडची अहिराणी. आम्ही 'हाये' म्हणायचो तिथे ती 'शे' म्हणायची. आधी माय तोंडाला पदर लावून हसायची, आणि महिन्याभरात मायच म्हणायला लागली, "चहा तयार शे!" आबा जेवताना कधी बोलत नसत. खालमानेने जेवायचं आणि उठायचं. एके रात्री वहिनीने कळण्याची भाकरी केली. ज्वारी-उडदाची ही भाकरी आमच्या घरी काही नवी नव्हती. बरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. आबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "ठेचा झकास झाला व सूनबाई." मी पाणी वाढत होते. इतकी वर्षं त्याच खलबत्त्यात मी मिरच्या कुटत होते, तो ठेचा काय मातीचा होता? तांब्या जरा जोरात आपटला असेल, तेवढंच.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एक दिवस दुपार कलली, आणि ओट्यावर एकही पोर नाही. मी गल्लीत पाहिलं, पारावर पाहिलं, आणि मग मला स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. आत जाऊन बघते तर सगळी फौज चुलीपुढे. मधे पितळी ताट, ताटात गरम भाकरी, भाकरीच्या कडेने बारा ठिकाणी शेंगदाणे रोवलेले, आणि मधोमध दोन मिरच्या, एक लांबडी, एक आखूड. वहिनी मिरच्या फिरवायची आणि विचारायची, "देख रे, कितला वाजनात?" बरोबर सांगेल त्याला एक दाणा. बारा दाणे संपले की भाकरी मोडून सगळ्यांना, वर तेल-मीठ. लाच! सरळ सरळ लाच! मी दारातून तसं बोललेही. वहिनी हसून म्हणाली, "नणंदबाई, भूक्या पोटी घड्याळ कोणले समजस?" आणि सगळी पोरं माझ्याकडे बघून हसली. बेबीसुद्धा. बेबीच्या तोंडात तेव्हा दाणा होता.

तरी मी तिथेच उभी राहिले, कारण मला बघायचं होतं की ही बया दीडला काय करते. तिने एक भाकरी ठेवली, दुसरी अर्धी मोडून तिच्या शेजारी ठेवली. "ही एक. ही तिच्यासंगे अर्धी. दीड." मग दोन भाकरी आणि अर्धी. "अडीच." दुकानात दीड किलो म्हणतात, बाजारात अडीच रुपये म्हणतात, तेच इथे. पोरांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. मी ज्याच्यासाठी वर्षभर डोळे वटारत होते, ते तिने दीड भाकरीत उरकलं. इतकं सोपं मला का सुचलं नाही, याचा राग मला माझा यायला हवा होता. तो मला तिचा आला. त्या दिवसापासून नवी, लहान पोरं तिच्याकडे बसायला लागली आणि ओट्यावर माझ्याकडे उरली ती जुनी चार-पाच. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

दिवाळीनंतर बातमी आली की जामनेरचं महिला मंडळ आमच्या गावात बालवाडी काढतंय आणि त्यांना गावातलीच एक ताई हवी आहे. मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. एरवी माझी हिंमत नव्हती. आबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "धुय्याकडचं एक ठिकान आलेलं हाये तुह्यासाठी. पोरगा चांगला हाये. पन बालवाडी लागली तं दोन वरीस थांबू. नाही लागली तं माघात उरकून टाकू." आबा शब्दाचे पक्के होते, बोलले म्हणजे बोलले. मला लग्न नकोच होतं असं नाही. पण माघात नको होतं. मला आधी एकदा तरी खुर्चीवर बसायचं होतं, पोरांनी रांगेत उभं राहून 'ताई' म्हणावं असं वाटत होतं, आणि हे सगळं आमच्याच गावात, आमच्याच बायकांच्या डोळ्यांपुढे व्हायला हवं होतं.

आणि मग मायच म्हणाली, "सूनबाईचं बी नाव टाका. तिनं तं त्याचा वर्ग केलेला हाये." आबांना ते पटलं. दोघींतली कुणीही लागली तरी पगार घरातच, असा त्यांचा साधा विचार. वहिनी नको नको म्हणाली. मनापासून म्हणाली की वरवर, हे तेव्हा मला ठरवता आलं नाही आणि आता ठरवायची मला घाई नाही. नावं दोघींची गेली.

मंडळाच्या बाई जामनेरहून आल्या त्या खादीची साडी नेसून, खांद्याला झोळी, मनगटावर घड्याळ. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घातली. आबा त्या दिवशी मार्केटला गेले नाहीत. गावातल्या चार बायका, सरपंच, सगळे जमले. बाई म्हणाल्या, "भाषण नको. तुम्ही मुलांना काय शिकवलंय ते मुलांकडूनच ऐकू." आधी वहिनीची पोरं. भिंतीवर शाळेचं मोठं घड्याळ होतं. पोरांनी मान वर करून पाहिलं आणि एका सुरात सांगितलं. बाईंनी मान हलवली. काटे हलवून पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. मी मनात म्हटलं, थांबा, माझी बेबी पुढे येऊ द्या, मग बघा.

बाईंनी काटे बरोबर चारवर आणले आणि बेबीला विचारलं. बेबीने नाक ओढलं, बोट वर केलं, हवेत तीन घरं मागे आणलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पावनेचार!" बाईंनी भुवया वर केल्या. दुसऱ्याला विचारलं. पावणेचार. तिसऱ्याला. पावणेचार! चौथ्याने तर बोटही उचललं नाही, तो मनातल्या मनात करायला शिकला होता. बाईंनी काटे साडेपाचवर नेले. माझी पोरं छाती काढून म्हणाली, "सव्वापाच!" गावातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई मला म्हणाल्या, "अहो, तुमची सगळी मुलं एकच चूक करताहेत. म्हणजे शिकवतानाच चुकलंय." मला कळलं होतं, एका क्षणात सगळं कळलं होतं. मी आबांकडे पाहिलं, आणि आबा आपल्या चपलांकडे बघत होते. माघ महिना मला दारात उभा दिसला.

बोलली ती वहिनी. बाईंशी ती शुद्ध बोलली, बालवाडीच्या वर्गात शिकवलेलं. "बाई, थांबा जरा. पोरं चुकली नाहीत. आमच्या घरचं घड्याळ पाव तास पुढे असतं आणि ही त्यावरच शिकलीत. तुम्ही ह्या पोरीचं बोट पाहा. ती आधी वेळ वाचते, मग पाव तास मागे जाते, मग बोलते. माझी पोरं नुसती वाचतात." मग बेबीकडे वळून म्हणाली, "बेबी, हे शाळानं घड्याळ पुढे नही शे. बरोबर शे. आता सांग." बेबीने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, जणू आम्ही दोघींनी मिळून तिला फसवलं होतं, आणि म्हणाली, "मंग साडेपाच." बाई हसल्या. अगदी पदर सावरून, पोट धरून हसल्या. "कमाल आहे! पाच वर्षांची पोरगी वजाबाकी करते!" गावातल्या बायकाही हसल्या. सगळं निभावलं. आणि मला काय वाटलं असेल? आनंद झाला असेल, आभार मानावेसे वाटले असतील? छे. माझी बाजू, माझ्या पोरांची बाजू, भर सभेत तिने मांडली आणि मी खांबासारखी उभी. माझ्या शिकवण्यात काय चांगलं आहे हेसुद्धा माझ्याआधी तिला कळलं होतं. त्या क्षणी मी तिचा जितका मत्सर केला, तितका कुणाचाच केलेला नाही.

बाईंनी झोळी आवरली आणि आबांना विचारलं, "मुलीचं लग्न ठरलंय का?" आबा खोटं बोलत नसत. म्हणाले, "बघनं चालू हाये." बाई म्हणाल्या, "मग आम्हाला सून बरी. मुलगी हुशार आहे, यात वाद नाही. पण ती आज आहे, उद्या सासरी. बालवाडीला इथे राहणारी बाई लागते." सगळ्यांनी माना हलवल्या. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, खरं तर मलाही वाटलं नाही. नोकरी लागली तर लग्न थांबणार होतं, आणि लग्न होणार म्हणून नोकरी लागत नव्हती. एवढा सरळ फास होता.

तेव्हा वहिनी म्हणाली, "बाई, निमाताई इथे आहेत तोवर त्यांना द्या. त्या सासरी गेल्या की मी सांभाळीन. मी कुठे जाते?"

बाईंना ते पटलं. तशीच व्यवस्था झाली. आबांनी लग्न दोन वर्षं थांबवलं, मला खुर्ची मिळाली, रांगेत उभी राहणारी पोरं मिळाली. वहिनी रोज सकाळी माझ्या डब्यात जास्तीची भाकरी घालायची, लहानग्यांसाठी. माझ्या आयुष्यातली ती दोन वर्षं फार चांगली गेली, हे मी कुणापाशीही कबूल करीन. पण 'मी कुठे जाते' हे तिचे तीन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ती आमच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि ती कुठे जाणार नव्हती. मी त्या घरात जन्मले होते, तिथेच रांगले होते, आणि साऱ्या गावाला माहीत होतं की जाणार ती मी. आजही तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. गुडघे, नातवंडं, पाऊसपाणी, सगळं बोलून होतं. हे वाचून ती म्हणेल, "अहो ताई, इतकं मनात ठेवलं व्हय?" तर हो, ठेवलं आहे.

मला दिलं तेही धुळ्यालाच. गंमत बघा, तिचं माहेर ते माझं सासर. निघताना मी रडले, माय रडली, बालवाडीतली पोरं तर दोन दिवस रडत होती म्हणे. हे मला वहिनीनेच पत्रातून कळवलं, मला बरं वाटावं म्हणून. पहिल्या दिवाळीला माहेरी आले, तेव्हा पिशवी घरात टाकली आणि चहाही न घेता थेट बालवाडीकडे निघाले. आत नवी पोरं होती, जुनीही दोन-चार होती. बेबी आता मोठ्या शाळेत जायची, पण शाळा सुटली की भावाला न्यायला तिथे यायची. ती खिडकीशी बसलेली होती. वहिनी पोरांना काहीतरी सांगत होती आणि पोरं ताई, ताई करत तिला बिलगत होती. मी दारात उभी राहिले. नव्या कोऱ्या साडीत, हातभर चुडा. एका नव्या पोराने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोन हाये व?"

बेबीने वळून पाहिलं. ओळखलं, हसलीसुद्धा. आणि त्या पोराला नीट समजावून सांगितलं, "हे आपल्या ताईची ननंद हाये. धुय्याले राह्यते."

"बेबी!" वहिनी ओरडली. तिचा चेहरा कसानुसा झाला. मी म्हटलं, "ओरडू नका वहिनी, बरोबर सांगतेय ती." आणि चपला दाराबाहेर काढून, पाहुण्या बाईने बसावं तशी भिंतीला टेकून बसले.